मारुतीच्या गळ्यापर्यंत

"सांग बघू सिंधू, कुठवर आलंय?"

मामंजी सज्जाचा कठडा धरून उभे होते आणि मी त्यांच्या मागे, दाराच्या चौकटीला घट्ट चिकटून. खाली बोळ संपून घाटाच्या पायऱ्या सुरू होतात, तिथून पुढे सगळं तांबडं पाणी होतं. सकाळपासून ते नुसतं धावत होतं आणि एवढं धावूनही संपत नव्हतं. मी डोळे किलकिले करून त्या पाण्यात उभ्या असलेल्या मारुतीकडे पाहिलं.

"गुडघ्याच्या वर," मी म्हणाले.

"वर म्हणजे किती वर? नीट बघ की."

"अर्धी मांडी बुडालीय."

"हां," मामंजी समाधानानं म्हणाले आणि बोळाकडे तोंड करून त्यांनी खणखणीत आवाज दिला, "मांडी! अजून मांडीच आहे रे!"

खाली हातोड्यांचे ठोके क्षणभर थांबले होते ते पुन्हा सुरू झाले.

नाशिकला गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. त्या गंगेच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे, उंचापुरा, शेंदरी, दोन तोंडांचा. पूर किती आला हे गावानं कायम त्याच्या अंगावर मोजलं. आमचा बोळ तांबटांचा. घरोघर खाली दुकान आणि भट्टी, वर माळा. हंडे, घागरी, बंब ठोकण्याचा आवाज दिवसभर चालायचा, आणि त्या आवाजाचाही एक कायदा होता. मारुतीच्या कंबरेला पाणी लागलं की ठोके बंद करायचे आणि भट्ट्या विझवायच्या. छातीला लागलं की माल माळ्यावर चढवायचा. आणि गळ्याला लागलं की माल तिथेच टाकून माणसांनी वर जायचं. ज्यांना वर जागा नाही त्यांनी आमच्या माडीवर यायचं, कारण बोळात दुमजली घर आमचं एकट्याचंच होतं.

बोळ असा वाकडा की मारुती दिसायचा तोही फक्त आमच्या सज्जातून. म्हणून मारुती बघण्याचा मान निजामपूरकरांच्या घराकडे, म्हणजे माझ्या सासरकडे होता. माझ्या आजेसासऱ्यांच्या आधीपासून. मामंजींना सगळा बोळ काशीतात्या म्हणायचा, आणि पुराच्या दिवशी काशीतात्यांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. नगरपालिकेचा भोंगा वाजला, कुणी गाडीवरून ओरडत गेलं, तरी तांबट हातातला हातोडा खाली ठेवत नसत. "तात्या काय म्हणतात?" एवढंच विचारत.

आणि या घरात सून म्हणून आले कोण, तर मी! येवल्याची. आमच्याकडे पाणी म्हणजे खोल विहिरीच्या तळाशी चकाकणारं एवढंसं काहीतरी. दोर हातभर झिजला तरी घागर भरायची नाही. मामंजी पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "नाव सिंधू आणि नदी कधी बघितली नाही? शाब्बास!" लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात आमच्या मोरीतून घोटाभर पाणी वर आलं. मी किंचाळले, अंथरुणं काखेत मारली आणि माळ्यावर जाऊन बसले. ते पाणी होतं मागच्या नाल्याचं. सरस्वतीचा नाला आमच्या परसदारामागून वाहतो. तो दर पावसाळ्यात थोडा फुगतो, मोऱ्यांतून डोकावतो आणि जातो. सगळा बोळ हसला. पुढे वर्षभर शेजारचा दिनकर कडेकर मला बघितलं की ओरडायचा, "येवल्याची वहिनी आली, माळ्यावर चढा रे!"

म्हणून मामंजी मला मुद्दाम सज्जात उभं करतात, माझी भीती मोडायला प्रत्येक वेळी माझ्याकडूनच मारुती वाचून घेतात, असं मला त्या दुसऱ्या पावसाळ्यात वाटत होतं. आषाढापासून गंगा कितीदा चढली, कितीदा उतरली. दर वेळी "सांग बघू" ठरलेलं. मनातून रागच यायचा. म्हाताऱ्याला सुनेचा छळ करायला दुसरं काही सुचत नाही का, असं वाटायचं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, नाहीतर त्यांच्याकडे गाऱ्हाणं नेलं असतं.

त्या दिवशी घरात आम्ही तिघंच होतो. मामंजी, मी आणि पाळण्यातला नंदू. हे चांदवडच्या बाजाराला भांडी घेऊन गेले होते आणि पूल बंद झाल्यामुळे तिकडेच अडकले होते. त्र्यंबकच्या डोंगरात पाऊस दोन दिवस कोसळत होताच, पण त्या दिवशी तो गावातही कोसळायला लागला. एरवी पूर यायचा तेव्हा गावात नुसती भुरभुर असायची. मामंजी दोनदा म्हणाले, "आवाज बरोबर नाही आज." पण कशाचा आवाज ते काही बोलले नाहीत.

दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी पुन्हा हाक मारली. "सिंधू, ये गं. सांग बघू."

मी गेले. तेवढ्यात पात्रातून एक गोठ्याचं छप्पर आलं. छपरावर एक शेळी उभी होती. ओरडत नव्हती, काही नाही, नुसती उभी. मारुतीजवळून छप्पर गेलं, पुलाच्या कमानीला लागलं आणि पलीकडे निघालं ते नुसते वासे निघाले. माझे डोळे आपोआप मिटले. उघडवेनातच.

"कुठवर आलंय?"

"मला नाही बघवत, मामंजी. तुम्हीच बघा आज."

"असं काय करतेस? एकदा बघ नि सांग."

"नाही हो! पाया पडते तुमच्या. तुम्ही उभे आहात ना समोर? मग बघा की!"

मी डोळे उघडले तर ते माझ्याकडे वळलेले. म्हणजे माझ्याकडे नाही, माझ्या डाव्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी, जिथे नुसती भिंत होती. त्या भिंतीलाच ते हळू आवाजात म्हणाले, "मला दिसत नाही सिंधू."

"म्हणजे?"

"दिवाळीपासून नुसतं धुकं आहे. काचबिंदू म्हणाले डॉक्टर. परत यायचे नाहीत डोळे. पोटच्या वसंतालासुद्धा सांगितलं नाही मी."

एकेक आठवायला लागलं. चहाची बशी ते जमिनीवर हात फिरवून मगच ठेवायचे. भांड्याची जाडी बोटांनी बघायचे, तो तांबटाचा हात म्हणून मी कौतुक करत होते. आणि आषाढापासून त्यांनी सज्जातून जे जे ओरडून सांगितलं, ते सगळं मी सांगितलेलं होतं. माझ्या शब्दावर भट्ट्या विझल्या होत्या आणि माझ्या शब्दावर पेटल्या होत्या. मी, जी एक डोळा मिटून बघायची! घाबरून मी एखाद्या वेळी कंबरेला मांडी म्हटलं असतं तर?

"लोकांना सांगून टाका," मी म्हणाले.

"सांगू की. मग दहाजण येऊन उभे राहतील इथं. एक म्हणेल कंबर, दुसरा म्हणेल छाती. भांडत बसतील आणि पाणी येईल. बोळाला एकच तोंड लागतं. तुझी नजर चांगली आहे, म्हणून गप्प राहिलो." मग म्हणाले, "आता बघतेस का?"

मी बघितलं. चौकट सोडून कठड्यापर्यंत गेले, पहिल्यांदाच. "कंबर," मी म्हणाले. "नुकती लागलीय."

"कंबर!" मामंजी ओरडले. खाली ठोके थांबले. भट्ट्यांवर पाणी पडल्याचे चर्र आवाज घरोघरून आले.

नंदू खाली पाळण्यात होता. त्याला वर आणावं म्हणून मी जिना उतरले. मोरीतून गुडगुड आवाज येत होता. म्हटलं, आलं नाल्याचं पाणी. गेल्या वर्षीचं हसं आठवलं आणि मी दात-ओठ खाऊन उभी राहिले. एवढ्यात मोरीतून एक घूस वर आली. मागोमाग दुसरी. मी मध्ये उभी आहे याची त्यांना पर्वाच नव्हती. त्या माझ्या पायावरून गेल्या आणि जिना चढायला लागल्या. नंदूला मी कसं उचललं ते आठवत नाही. त्याला छातीशी धरून मी परसदाराची वरची फळी उघडली.

नाला दाराच्या पायरीला टेकला होता. पण मला भीती वाटली ती त्यानं नाही. पाण्यावर एक मोडकी टोपली तरंगत होती, भाजीवाल्या बायकांची असते तशी. ती गंगेकडून येत होती. गंगेकडून गावाकडे, भद्रकालीच्या दिशेला, चढावर. सावकाश, गोल फिरत, पण चढावर. लग्नाआधी मी जन्मात नदी पाहिली नव्हती हे खरं, पण पाणी चढावर जात नाही एवढं येवल्याच्या माणसालाही कळतं.

मी बोळाच्या बाजूच्या दारात धावले. शेजारच्या ओट्यावर दिनकर तंबाखू मळत बसला होता. त्याच्या मागे खोलीत त्याचे वडील नथूशेठ बाजेवर. त्यांचं अर्धं अंग लुळं पडलेलं, त्यांना हलवायचं तर चारजण लागत. ते घर बैठं, मागची भिंत नाल्यावरच.

"दिनकरभाऊ, शेठजींना वर आणा! नाला उलटा वाहतोय!"

दिनकर हसला. "वहिनी, अंथरुणं घेतली का?"

"अहो खरंच! मागं जाऊन बघा तरी!"

"दरसालचं आहे ते. मोरीला बोळा घाला आणि निवांत बसा." पलीकडच्या दुकानातून कुणीतरी म्हणालं, "कंबर झालीय फक्त. अजून छाती आहे, गळा आहे." सगळे हसले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. सगळ्यांची तोंडं गंगेकडे होती. पिढ्यान्‌पिढ्या संकट त्याच बाजूनं आलं होतं, तर पाठीमागे कोण कशाला बघेल!

मी वर पळाले. मामंजींना सगळं एका दमात सांगितलं. घुशी, पायरी, टोपली. ते म्हणाले, "टोपली कुठल्या बाजूला जात होती?"

"वर. भद्रकालीकडे."

"नक्की?"

"नक्की."

"वाऱ्यानं ढकलली असेल."

"वारा भद्रकालीकडून इकडे आहे, मामंजी."

कठड्यावरून त्यांची बोटं पुढे-मागे फिरत होती, भांड्याची जाडी बघावी तशी. "गंगेनं नाल्याचं तोंड दाबलंय," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आणि वरून गावातला पाऊस त्यात उतरतोय. जाणार कुठं तो? भिंतीच घेणार." मग मला म्हणाले, "मारुती?"

"कंबरेच्या जरासा वर."

"छाती?"

"छाती कोरडी आहे. सगळी दिसतेय."

"दिनकरला सांगितलंस?"

"हसतात सगळे."

मामंजींनी डोक्यावरची टोपी काढली. पावसात उभं राहून पुढे झुकले, इतके की मी त्यांचा सदरा धरला. आणि छातीत होता नव्हता तेवढा आवाज लावून ओरडले, "गळा! गळ्याला लागलं रे! गळा!"

"मामंजी, गळा नाही! कंबर—"

त्यांनी माझं मनगट पकडलं. तांबटाची पकड होती ती. "गप्प," ते म्हणाले.

खाली क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग एका दुकानात कुणीतरी हंडा उपडा करून त्यावर हातोडा घातला. मग शेजारच्यानं. मग पुढच्यानं. तांब्याचा तो आवाज बोळाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला आणि बायका-माणसं बाहेर पडायला लागली. कुणी हसलं नाही, कुणी विचारलं नाही. माल तसाच टाकून आले. नथूशेठना दाराच्या फळीवर घालून चौघांनी आमच्या जिन्यानं वर आणलं. त्यांची बायको रखमाकाकू मागून त्यांचा पाय धरून येत होती, तो लुळा पाय सारखा कठड्याला अडकत होता म्हणून. आमची माडी माणसांनी भरली.

सगळ्यात शेवटी दिनकर आला. आल्या आल्या थेट सज्जात गेला. "किती चढलं बघू तरी," म्हणाला. मी त्याच्या वाटेत उभी राहणार होते, पण मांडीवर नंदू होता.

दिनकरनं पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि वळला. "तात्या, गळा कुठाय? छाती सगळी उघडी आहे!"

मामंजी भिंतीला टेकून बसून राहिले.

"अहो, कंबर आहे कंबर! बघा रे या!" आणखी दोघंतिघं सज्जात गेले. "कंबरच की." "तात्या, काय हे?" "डोळे गेले तात्यांचे!" कुणी हसलं, कुणी चिडलं. एकाचा भट्टीवरचा माल खाली राहिला होता, एकाचा कुत्रा. रखमाकाकू रडायलाच लागली, "माझ्या माणसाची हाडं खिळखिळी केली हो उगाच!" दिनकर म्हणाला, "मी चाललो खाली. चला रे, बाबांना नंतर चौघं मिळून उतरवू." माणसं जिन्याकडे सरकायला लागली.

मामंजींचा हात चाचपडत माझ्या हाताकडे आला. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सिंधू, टोपली खरंच वर जात होती ना गं?"

मी खरंच पाहिली होती का? की दिनकरसारख्यांनी वर्षभर हसून हसून माझ्या डोक्यात जी भीती भरली होती, ती मला दिसली होती? घुशी तरी होत्या ना? पायावरून गेल्याचं आठवत होतं. पण घाबरलेल्या माणसाला काय काय आठवतं! मी चुकले असेन तर या माणसाचा, त्याच्या बापाचा, आजाचा शब्द मी आज संपवला होता. पुढच्या पुरात बोळ कुणाचंच ऐकणार नव्हता. आणि मी बरोबर असेन तर ही सगळी माणसं आता खाली चालली होती. देवा, काहीतरी एक कर, असं मी म्हणत होते. कोणतं एक, ते मला कळत नव्हतं.

"जात होती," मी म्हणाले.

"मग मी त्यांना पुन्हा सांगतो," म्हणून ते उठायला लागले.

ते उठतायत तोवर घर हललं. आवाज आधी आला नाही, आधी घर हललं. मग मागच्या बाजूला काहीतरी मोठं बसल्यासारखं झालं आणि खालच्या मजल्यावरून सगळी भांडी एकदम वाजली. आमची, कडेकरांची, सगळ्या ओळीची. नाल्याकडची भिंत गेली होती. पाणी परसदारांतून आत आलं आणि दुकानांतून बोळात पडलं. कडेकरांची बाज ओट्यावरून बाहेर आली आणि आमच्या दारासमोरून गेली. दिनकर खालच्या पायऱ्यांवर होता. तो कंबरेपर्यंत पाण्यात गेला. वरच्यांनी त्याचा शर्ट धरला, शर्ट फाटला, मग केस धरले. केसांनी ओढून त्याला वर घेतला. तो ओठ हलवत होता पण आवाज येत नव्हता.

मी सज्जाकडे पाहिलं. मारुतीची छाती कोरडी होती.

संध्याकाळी पाणी ओसरलं. एवढं पाणी शिरलं तरी बोळातलं एकही माणूस गेलं नाही. कुत्राही दुसऱ्या दिवशी कुठूनसा आला. चिखल उपसताना लोक तेच तेच बोलत होते. दिनकरचा आवाज परत आला होता. तो म्हणाला, "तात्यांना कंबरेचा गळा दिसला म्हणून वाचलो आपण! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन!" सगळे हसले. पण त्या हसण्यात कुठेतरी पाया पडणंही होतं. वडीलधारे म्हणाले, देवानं तात्यांच्या हातून चूकही वेळेवर करवली. एक मात्र ठरलं की तात्यांचे डोळे गेले आणि आता मारुती दुसऱ्या कुणीतरी बघायला हवा.

मला गप्प बसवेना. "मी सांगते त्यांना," मी मामंजींना म्हणाले. "सगळा पावसाळा तुम्हाला दिसत नव्हतं तेव्हा कुणाला कळलं नाही. आणि ज्या दिवशी तुम्हाला सगळ्यांत जास्त दिसलं, त्या दिवशी तुम्ही आंधळे?"

"काय सांगशील?" मामंजी म्हणाले. "तात्या मारुतीच्या नावानं खोटं बोलला म्हणून? चुकलेल्या माणसाला लोक हसतात गं. खोटं बोललेल्याचं पुन्हा ऐकत नाहीत, त्याच्या घराचंही ऐकत नाहीत. तुला उद्या तिथं उभं राहायचंय."

"मला?"

त्याच संध्याकाळी त्यांनी बोळाला सांगितलं, "यापुढं सिंधू बघेल." दिनकर ओरडला, "वहिनी? त्या तर डोळे मिटतात!" मामंजी म्हणाले, "मिटू दे. मिटायच्या आधी बघते ना."

दोन दिवसांनी त्यांनी मला परसदारी नेलं. नाल्याकडची भिंत जिथे पडायची राहिली होती तिथल्या एका दगडावर हात ठेवून विचारलं, "टोपली दिसली तेव्हा पाणी इथवर होतं?" मी त्यांचा हात धरून जरा खाली, पायरीच्या रेषेतल्या दगडावर ठेवला. त्यांनी तो दगड पुसला, खिशातून शेंदराची पुडी काढली, तेलात कालवली आणि दगडाला फासली. दुसऱ्या दिवशी बोळात म्हणाले, भिंत पडली त्यातून जुना मारुती निघाला. त्याच्या पायाला पाणी लागलं तर पुढच्या मारुतीकडे बघायचं नाही, सरळ वर जायचं. लोकांनी नारळ फोडला.

आता शनिवारी तिथे तेल घालायला रांग लागते. जुनं नाशिक दाखवणारी माणसं पाहुण्यांना घेऊन येतात आणि 'मागचा मारुती' तीनशे वर्षांचा आहे असं सांगतात. नंदू ऐकून मान डोलावतो. मी आत पोळ्या लाटत असते, बाहेर येत नाही.

मामंजी गेले, दिनकरही गेला. ठोके कमी झाले, तरी चार-पाच दुकानं अजून आहेत. धरणातून किती पाणी सोडलं ते हल्ली सगळ्यांच्या मोबाइलवर येतं. तरी पाऊस चढला की खालून हाक येतेच, "मावशी, मारुती काय म्हणतोय?" इतकी वर्षं मी सांगत आले. भीती गेली नाही, पण डोळे उघडे ठेवायला शिकले.

गेल्या फाल्गुनात डॉक्टर म्हणाले की डोळ्याचा पडदा झिजलाय. मधोमध राखाडी डाग आहे. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं, कडेचं तेवढं दिसतं. नंदूला मी सांगितलेलं नाही.

परवा श्रावणातल्या सोमवारी गंगा चढली. खालून हाक आली. मी सज्जात जाऊन कठडा धरला. समोर तांबडं काहीतरी धावत होतं आणि जिथे मारुती असायचा तिथे राखाडी डाग होता.

"शलाका," मी सुनेला हाक मारली. नंदूची बायको, बँकेत जाते, त्या दिवशी रजा होती. ती येऊन दाराशीच थांबली.

"सांग बघू, कुठवर आलंय?"

"आई, मला भीती वाटते हो त्या पाण्याची. तुम्हीच बघा ना."

"एकदा बघ नि सांग."

तिच्या बांगड्या चौकटीला लागल्याचा आवाज आला. मग ती एक पाऊल पुढे आली. मी श्वास धरून उभी होते. पाण्याला मी कधी इतकी घाबरले नव्हते, जितकी त्या क्षणी तिच्या तोंडाला घाबरले. मामंजी एक अख्खा पावसाळा असे उभे होते.

"कंबर," शलाका म्हणाली. "कंबरेला लागलंय, आई."

"नक्की?"

"नक्की."

मी बोळाकडे वळले. "कंबर!" मी ओरडले.

खाली ठोके थांबले.